सवतीची रिकामी जागा

९ जानेवारी

ठरलं एकदाचं! नाणी म्युझियमला, आणि आम्ही दोघं लेकीच्या गावाला. तिथे दोन खोल्यांत संसार बसवायचा, म्हणजे काहीतरी घराबाहेर काढावंच लागणार — आणि बायकोला काढता येत नाही म्हटल्यावर नाणीच निघणार! असं मी म्हटलं तर आमचे साहेब हसले. पण नंतर कपाटापुढे स्टूल ओढून बराच वेळ नुसते बसून होते. कपाट उघडलंसुद्धा नाही.

साहेब हे नाव मी ठेवलेलं नाही. जमीनमोजणीच्या खात्यात साखळी ओढणारे लोक त्यांना साहेब म्हणायचे, ते घरापर्यंत आलं. खात्यातून निवृत्त झाले, माझ्या तोंडातून नाही झाले.

म्युझियमची माणसं फेब्रुवारीअखेर येतील म्हणे.

११ जानेवारी

आज सगळे ट्रे बाहेर काढून पलंगावर मांडले. मला बसायला जागा नाही, नाण्यांना आहे!

सपाट लाकडी ट्रे, आत निळी मखमल, मखमलीत गोल खळगे. एका खळग्यात एक नाणं. सगळी परक्या राजवटीतली, सगळी चांदीची. पहिले ट्रे राणीछापांचे — सालवार. राणी तरुण असल्यापासून तिची हनुवटी सुटेपर्यंत. रांग कशी सरळ जाते, आणि मधेच एक खळगा रिकामा. पडलेल्या दातासारखा. नजर नेमकी तिथेच जाते.

त्या एका साली टाकसाळीत मोठा संप झाला, नाणी थोडी पडली, आणि जी पडली त्यातली बरीच पुढे वितळवली गेली — असं साहेब सांगतात. मला ही कथा पाठ आहे. लग्न झाल्यापासून ऐकते आहे. त्या नाण्याला मी ‘सवत’ म्हणते. माझा वाढदिवस विचारा, अडखळतील. सवतीचं साल झोपेतून उठवून विचारा, टक्क सांगतील! नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या वकिलाला ती मिळाली तेव्हा साहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. वकील पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून फिरत होता.

आज त्या खळग्यातली धूळ त्यांनी ब्रशनं झटकली. रिकाम्या खळग्यातली धूळ!

१५ जानेवारी

चुळबुळ्या आला होता. जुन्या नाण्यांचा दलाल. खुर्चीत एका जागी बसेल तर शपथ. नाणी जाणार ही बातमी त्याच्यापर्यंत बरी पोचली!

“साहेब, तुमची ती आहे माझ्याकडे. रविवारी आणतो.”

बदल्यात त्याला अर्ध्या रुपयाच्या नाण्यांची अख्खी रांग हवी. साहेब लगेच हो म्हणाले. मी चहाचे कप घेऊन दारातच थबकले. ती रांग माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेली. तो गेल्यावर म्हटलं, “अहो, मामंजींची ना ती?”

“म्युझियममध्ये जायचीच आहे. तिथे गेली काय नि इकडे गेली काय.”

तिथे आणि इकडे यात फरक आहे हे त्यांनाही कळतं. मी कप उचलले. माणूस इतका खुशीत होता की संध्याकाळी आपणहून दळण घेऊन आला.

१९ जानेवारी

रविवार. चुळबुळ्या आला, सवतीला घेऊन आला. एवढ्या वर्षांत प्रथमच तिचं तोंड पाहिलं. इतर राणीछापांसारखंच! वेगळं काही नाही. मला उगाच वाटत होतं, जरा तरी देखणी असेल.

साहेबांची पद्धत ठरलेली. नाण्याच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही, कडेला धरायचं. काट्यावर वजन. मग भिंग. मग नखानं सगळी कड हळूहळू चाचपायची — कडेवरच्या बारीक रेघा नखाला लागतात. फिरता फिरता नख राणीच्या डोक्यावर येऊन थांबलं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा तिथेच थांबलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. “तू बघ. तुझा डोळा बसलेला आहे.”

बसलेला आहे खरा! रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये जन्म गेला. मी बघितलं. सगळीकडे रेघा सारख्या, आणि राणीच्या डोक्यावर तेवढ्यापुरत्या जरा खोल, जरा तिरक्या. यंत्रानं नाही, हातानं कानस घेऊन पाडलेल्या. म्हणजे तिथे कधीतरी कडी होती. नाणं माळेत ओवायला सोनारानं डाग देऊन, म्हणजे झाळून, बसवलेली. ती कुणीतरी कापून, घासून, वर नव्या रेघा कोरल्या.

“हे कुणाच्या तरी गळ्यातलं आहे,” साहेब म्हणाले.

“साहेब, म्युझियमवाल्यांना काय कळतंय! काचेआड जाणार ते.”

“मला कळतंय ना.”

चुळबुळ्यानं नाणं खिशात टाकलं. मामंजींची रांग वाचली. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

२० जानेवारी

भाजीत मीठ घालायचं राहिलं. साहेब अवाक्षर न काढता जेवले. हे मात्र गंभीर आहे!

२५ जानेवारी

भांडी खोक्यात भरून झाली. माझ्या कपाटाच्या तळाशी आईची माळ निघाली, बिस्किटांच्या डब्यात, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. काळी पडली आहे. राणीछापच, प्रत्येकाच्या डोक्यावर एक कडी. आई घराबाहेर पडताना घालायचीच. गळा भरलेला दिसला की माणसं नीट बोलतात म्हणायची. चालताना नाणी एकमेकांवर वाजायची, त्यामुळे ती येते आहे हे आम्हाला आधीच कळायचं आणि पुस्तकं उघडली जायची.

लेकीला फोनवर सांगितलं. “आई, ती मला हवी आहे हं. नाहीतर देऊन टाकशील कुणाला तरी.”

मी कशी देईन? आईची म्हणून माझ्याकडे एवढीच एक वस्तू आहे.

एक मात्र लिहून ठेवते, कारण मनात आहे. नाण्यांमागे गावोगाव धावणाऱ्या माणसानं या माळेकडे कधी वळून पाहिलं नाही. मी ती घातली की आमचे साहेब दुसरीकडे बघायचे. पहिल्यांदा विचारलं होतं, “यातलं एखादं तुमच्या कामाचं असेल का हो?” तर म्हणाले, “डाग दिलेलं नाणं हे नाणं राहत नाही. तो दागिना झाला. दागिन्यातलं मला कळत नाही.” हेच भाषण क्लबातही ठोकतात. पुन्हा कशाला विचारायचं? मीही कधी भिंग लावून बघितलं नाही. आपल्या आईचा दागिना दुसऱ्याच्या नजरेनं भंगार ठरला की आपणही त्याला डब्यात घालतो. राग येतो याचा. त्यांचाही आणि माझाही.

२८ जानेवारी

आज अक्षर वाकडं येणार. येऊ दे!

साहेब फिरायला गेले म्हणून माळ पुसायला घेतली. नुसत्या कोरड्या फडक्यानं — इतकी वर्षं ऐकून एवढं तरी कळतं. राणीचा चेहरा बाहेर, साल आतल्या बाजूला. आतली बाजू अंगाला लागून लागून गुळगुळीत झालेली. गंमत म्हणून एकेक उलटं करत गेले. साधी सालं, साहेबांच्या ट्रेमध्ये आहेत ती. मग एक आलं. शेवटचा आकडा जवळजवळ गेलेला. दिवा तिरका धरला, भिंग लावलं.

सवत!

विश्वास बसेना. लॅबमध्ये एकदा दिसलं म्हणून कुणी रिपोर्ट लिहीत नाही. तीनदा बघितलं. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं — साहेबांचं कपाट उघडलं, ट्रे काढला, रिकाम्या खळग्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं नाणं शेजारी धरून आकड्याची वळणं ताडून बघितली. तीच. कड चाचपली, कुणी काही कोरलेलं नाही. वर कडी तेवढी.

म्हणजे जिच्यासाठी हा माणूस गावोगाव फिरला, लिलावांत उभा राहिला, वकिलाची थट्टा सोसली, ती माझ्या बिस्किटांच्या डब्यात! आणि त्याआधी माझ्या आईच्या गळ्यात!

जिन्यावर पावलं वाजली. सगळं जागच्या जागी ठेवलं. “चेहरा का लाल झालाय?” विचारलं. म्हटलं, खोकी उचलली.

२९ जानेवारी

सांगितलं नाही.

सांगितलं तर दोनच गोष्टी होतील. एक, हात झटकून म्हणतील, डागाचं आहे, ठेवून दे. म्हणजे आईची माळ त्यांच्या तोंडून पुन्हा भंगार. दुसरी, डोळे चमकतील, आणि माळेतून ते कापून हवं म्हणतील. मला दोन्ही सोसवणार नाही. गप्प बसावं तर पोटात राहत नाही. स्वयंपाक करताना दोनदा तोंडापर्यंत आलं.

३ फेब्रुवारी

वकील येऊन गेला. निरोप घ्यायला म्हणे! ट्रेवर वाकून च्‌च्‌ केलं.

“इतकं सगळं जमवलंत, आणि नेमकं हेच! लोक काय, तेवढंच बघणार.”

“बघू देत की,” साहेब म्हणाले, आणि हसले.

नंतर मी आत आले तर साहेब कात्री घेऊन बसलेले. निळ्या मखमलीचा गोल तुकडा कापला होता, खळग्यात बसवून बघत होते. जागा भरल्यासारखी दिसावी म्हणून. बसवला, लांबून बघितला, काढला. पुन्हा बसवला. पुन्हा काढून खिशात टाकला. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मी तशीच मागे फिरले.

मोजणी खात्यात मोठमोठ्या लोकांशी हुज्जत घालणारा हा माणूस, फुटभर जमीन इकडची तिकडे होऊ न देणारा. तो चिंधीनं खळगा झाकत होता. फार वाईट वाटलं. इतकं की आईच्या माळेचा विचार एकदम लहान वाटायला लागला.

६ फेब्रुवारी

लेकीला फोन केला, साहेब वाण्याकडे गेले असताना. सगळं सांगितलं. आधी ती किंचाळली, मग म्हणाली, “मग बाबांना दे ना! वाट कसली बघतेस?”

“तुझी माळ तुटेल.”

“आई, एक नाणं कमी झालं तर मला कळणारसुद्धा नाही.”

तिला कळणार नाही हे खरंच. मला कळेल. माझ्या आईला तर नक्की कळलं असतं — ती दूधवाल्याच्या मापातला थेंब ओळखायची. पण आई आता विचारायला येणार नाही, आणि साहेब रोज समोर बसतात.

१० फेब्रुवारी

सोनाराकडे जाऊन आले. “कुठलं काढायचं?” तर दाखवलं. “हेच का? याच्यापेक्षा ते टोकाचं काढा की, माळ तरी मधून तुटणार नाही.” म्हटलं, हेच.

पक्कड, कानस, झालं. एवढासा आवाज झाला. सोनारापुढे डोळे कसे पुसायचे, म्हणून भिंतीवरच्या आरशाकडे तोंड करून कानातलं नीट करत उभी राहिले. राहिलेली नाणी त्यानं जवळ ओढून दोरा आवळला. माळ जरा आखूड झाली, बाकी काही कळत नाही.

आणि मेल्यानं काय केलं! मी आरशात बघत होते तेवढ्यात नाण्याला चकाकी दिली! आपणहून! “ताई, काळं पडलेलं, उजळून दिलं. त्याचं काही नको.” नाण्याचा शौकीन माणूस चोराला माफ करेल, उजळणाऱ्याला नाही करत. वयाची जी काळसर झाक असते तीच तर नाण्याची जात! मी आधी सांगायला हवं होतं. डागाचं नाणं, वर चकाकलेलं. साहेब आता बोलणार. बोलू देत. असेल तशी सवत आणली आहे घरी.

११ फेब्रुवारी

सकाळी लवकर उठून नाणं खळग्यात ठेवलं. अगदी बरोबर बसलं. मग चहा केला, आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचत बसले.

साहेबांनी चहा घेतला. कपाट उघडलं. ट्रे ओढला. मी कान देऊन होते. काहीच आवाज नाही. शेवटी मीच उठून गेले.

नाणं हातात होतं. चेहऱ्यावर अंगठा दाबून धरलेला! ज्या माणसानं आजवर राणीच्या गालाला बोट लावू दिलं नाही त्याचा अंगठा. मी म्हणायला लागले, “चकाकी सोनारानं...”

“माळ कुठे आहे?”

“अहो, पण...”

“माळ कुठे आहे? आण.”

असा आवाज मी ऐकलेला नाही. ओरडले नाहीत, पण ओरडले असते तर बरं झालं असतं. मी डबा आणून दिला. माळ हातावर घेऊन बघितली, जिथे दोरा आवळला होता तिथे बोट ठेवलं. “कुणी सांगितलं होतं तुला कापायला? मी मागितलं होतं?” मग नाणं आणि माळ दोन्ही घेऊन घरातल्या चपलांवरच बाहेर पडले.

मी रडले. इतकी तडफड करून दिलेली वस्तू अशी अंगावर येते! लेकीचा फोन आला, उचलला नाही.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय — नाणं कुठून आलं हे मी सांगितलंच नव्हतं. माळेचं नावही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

“तुमच्यासाठी केलं होतं.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काही नाही. पोळी वाढ.”

१५ फेब्रुवारी

साहेबांनी सोनाराकडून माळ आणली. नाणं परत बसवून! नवी कडी, नवा दोरा. जिथून काढलं होतं तिथेच आहे. बाकीची काळी आणि हे एकटं लख्ख — लग्नाच्या फोटोत एकानंच दात काढावेत तसं दिसतं.

“अंगावर घालत जा,” म्हणाले. “होईल काळं परत.”

मी तोंड फिरवलं. पण घातली.

२७ फेब्रुवारी

म्युझियमची माणसं आली. एक तरुण अधिकारी बाई आणि दोन हमाल. बाई हुशार. नाणं कडेला धरत होती, साहेबांनी मला डोळ्यांनी दाखवलं. एकेका सालापुढे लावायच्या चिठ्ठ्या तिनं आधीच छापून आणल्या होत्या. रिकाम्या खळग्यापाशी आली आणि ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलेली चिठ्ठी काढली.

“तसं लिहू नका,” साहेब म्हणाले. “उपलब्ध आहे.”

“मग काय लिहू?”

“खासगी मालकीचं आहे, असं लिहा.”

“कुणाच्या? नाव घालू?”

“नाव नको.”

बाईनं लिहिलं. मी तिच्यासमोरच उभी, पदर गळ्याशी ओढून. ट्रे गेले. कपाट रिकामं झालं तरी साहेबांनी सवयीनं कुलूप लावलं. मला वाटलं होतं आज ते खचतील. उलट, माझी भांडी कमी करायला सांगू लागले!

१ मार्च

उद्या निघायचं. साहेब शेवटच्या खोक्याला दोरी बांधत होते. म्हटलं, आता सांगा — ते माळेतलं आहे हे तुम्हाला कसं कळलं?

मान वर केली नाही. “तुझ्या आई बाजारात वाकून टोमॅटो निवडत होत्या. माळ उलटी झाली. साल दिसलं. विकत मागावं म्हणून मागोमाग तुमच्या घरापर्यंत आलो.”

आणि मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले की आमचे साहेब पहिल्यांदा पत्ता चुकून आमच्या दारात आले!

“मग मागितलं का नाही?”

गाठ मारून झाली. दोरी ओढून बघितली.

“दार तू उघडलंस.”